मेलेल्या ड्राइव्हवरचं जिवंत बोर्ड

संपादकांनी फोनवर विचारलं, "परब, व्हिडिओ गेमच्या कन्सोलचे आतले भाग बदलता यावेत की नाही, वाढवता यावेत की नाही, यावर लिहाल का?" मी हो म्हणून बसलो आणि तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. या विषयावर माझ्याकडे दोन मतं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. शिवाय यावर खरं लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी माझ्या सख्ख्या मुलीलाही पूर्ण सांगितलेली नाही.

माझं दुकान परळ व्हिलेजमध्ये, एका चाळीच्या जिन्याखाली आहे. दुकान आपलं म्हणायचं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचो. मग टीव्हीला जोडायचे गेम आले, ते बिघडायला लागले, आणि मी त्यांच्या मागे गेलो तो गेलोच. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून फक्त सकाळी बसतो. बारीक सोल्डरिंगला भिंग लागतं, आणि भिंगातून आपलाच हात थरथरताना मोठा दिसतो, हे फार वाईट.

ज्यांच्या घरात हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगतो. कन्सोल म्हणजे फक्त गेम खेळण्यासाठी केलेला कॉम्प्युटर. एका बाजूने टीव्हीला जोडायचा, दुसऱ्या बाजूने डिस्क घालायची, हातात रिमोटसारखं काहीतरी धरायचं. फरक इतकाच, की कॉम्प्युटर उघडून त्यात जास्तीची मेमरी टाकता येते, नवं कार्ड बसवता येतं. कन्सोल जसा कारखान्यातून आला तसाच राहतो. पाच-सात वर्षांनी कंपनी नवा काढते आणि जुना माळ्यावर जातो. गिऱ्हाईक मला हमखास विचारतं, "काका, ह्यात रॅम वाढवून मिळेल काय?" मी नाही म्हटलं की त्याला वाटतं, म्हाताऱ्याला येत नाही.

येतं सगळं. कन्सोल उघडून नुसता पंखा बघितला तरी मी घरचा स्वयंपाक सांगतो. आमच्या भागात टीव्ही आणि गॅस एकाच खोलीत, त्यामुळे पंख्याच्या पात्यांवर फोडणीचा थर बसतो. मालवणी मसाला घरी भाजणाऱ्यांचा पंखा लालसर चिकट असतो, तो रॉकेलने दोनदा धुवावा लागतो. झुरळांना तर कन्सोल फार प्रिय, उबदार जागा आणि भाडं नाही. लालबागच्या एका काकूंनी कन्सोलचं यूएसबीचं भोक दुरुस्तीला आणलं होतं. गेम कोणी खेळत नव्हतं, त्या भोकावर देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ चालायची. मी ते आधी दुरुस्त करून दिलं, देवाला रांगेत कसं उभं करणार.

तर माझं पहिलं मत असं होतं, की कन्सोल बंद आहे तेच बरं. वरळीला बीडीडी चाळीतला एक मुलगा आणि समोरच्या टॉवरमधला एक मुलगा, दोघे माझे गिऱ्हाईक आणि एकमेकांचे दोस्त. दर रविवारी फुटबॉलचा गेम खेळायचे आणि चाळीतला टॉवरवाल्याला धुऊन काढायचा. टॉवरवाला एकदा एकटाच आला आणि म्हणाला, माझा कन्सोल त्याच्यापेक्षा फास्ट करून द्या. मी म्हटलं, होत नाही बाबा. आणि मनातून मला इतका आनंद झाला की त्याला चहा पाजला. दोघांच्या घरी तंतोतंत एकच यंत्र, गेम बनवणाऱ्यालाही ठाऊक की सगळीकडे हेच आहे. एकदा का भाग वाढवायची मुभा दिली की खेळ संपला आणि खरेदी सुरू झाली. हे मत मी बरीच वर्षं दुकानात बसून लोकांना ऐकवत होतो. मग गवाणकरबाई आल्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, नवरात्राच्या आधीचा आठवडा. वैजयंती गवाणकर माझगावहून टॅक्सी करून आल्या, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला कन्सोल. बाई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, बोलणं नेमकं. त्यांच्या यजमानांना, मनोहररावांना, सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. मनोहरराव गोदीत फिटर होते, जहाजांची इंजिनं खोलणारा माणूस. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलेल्या एकाही व्यायामाला ते दाद देत नव्हते. 'लहान पोरासारखा हात वर, हात खाली काय करू' म्हणायचे. मग त्या मुलीलाच कल्पना सुचली. लग्नानंतर ठाण्याला गेलेल्या मुलाचा जुना कन्सोल घरात पडून होता. त्यात कॅमेऱ्यासमोर हात हलवून खेळायचा एक गेम होता. पडद्यावर वरून फुगे येतात, आपण हात उचलून ते फोडायचे. जमलं की पुढची पायरी, फुगे जास्त, वेग जास्त, मग मूठ उघडून-मिटून फोडायचे.

बाई म्हणाल्या, "ह्यांनी त्या फुग्यांचं मनावर घेतलंय. अकराव्या पायरीवर आहेत. परवापासून डिस्क आत जाते आणि बाहेर येते. परबभाऊ, डॉक्टरांनी सांगितलंय, पहिल्या वर्षात हात जेवढा येईल तेवढाच. सहा महिने गेलेत."

मी म्हटलं, नवीन कन्सोल घेतलात तर? त्या दादरला दुकानात जाऊन आल्या होत्या. नवा कन्सोल दहापट ताकदीचा, पण जुन्या कॅमेऱ्याची पिन त्यात बसत नाही आणि फुग्यांची डिस्क त्यावर चालत नाही. विकणारा मुलगा त्यांना मोटारींचा गेम दाखवत होता. आणि जुन्यासारखाच दुसरा जुना मिळाला तरी अकरा पायऱ्यांची नोंद त्यात नेता येत नव्हती, त्या गेमच्या नोंदीला कंपनीने कुलूप घातलं होतं. म्हणजे पुन्हा पहिल्या फुग्यापासून. मनोहरराव त्याला तयार होतील की नाही याची बाईंना धास्ती होती. एकदा रुसले की संपलं, म्हणाल्या.

मी उघडून बघितलं. डिस्क फिरवणारा भाग, ज्याला आम्ही ड्राइव्ह म्हणतो, तो मेला होता. लॅमिंग्टन रोडवर दुसरा मिळण्यासारखा होता, दहा-बारा दिवसांनी. इथे एक भानगड सांगायला हवी. या मॉडेलच्या ड्राइव्हला तळहाताएवढं एक बोर्ड स्क्रूने लावलेलं असतं. त्या बोर्डात एक आकडा असतो आणि तोच आकडा कन्सोलच्या मुख्य बोर्डात असतो. दोघांचं कारखान्यातच लग्न लागलेलं. दुसऱ्या कन्सोलचं बोर्ड आणून लावलं तर डिस्क आत जाते, फिरते, आणि पडद्यावर येतं की वाचता येत नाही. कोणी चोरीच्या डिस्का चालवू नयेत म्हणून कंपन्यांनी हे केलं, आणि चोऱ्या होत होत्या हे मीही नाकारत नाही. त्यामुळे आमची पद्धत अशी, की ड्राइव्ह नवा बसवायचा, पण बोर्ड जुन्यावरून उतरवून त्याला लावायचं.

ते बोर्ड मी तेव्हाच उतरवून ठेवायला हवं होतं. पण त्याची वायरची चपटी पट्टी फार नाजूक, दोनदा काढ-घाल नको, नवा ड्राइव्ह आला की एकदाच हलवू, असा मी विचार केला. विचार चुकीचा नव्हता. जुना ड्राइव्ह बोर्डासकट ठेवला कुठे, तर 'मेलेल्यां'मध्ये. माझ्याकडे बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आहेत. एकात कामाला येतील असे सुटे भाग, दुसऱ्यात मेलेले. ड्राइव्ह तर मेलेला होता. त्याच्या अंगावर जिवंत बोर्ड आहे, हे माझ्या हाताला त्या क्षणी आठवलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आमचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, खात्यात यंत्रांना झेंडूची तोरणं लावायचे, तीच सवय माझ्या दुकानाला. त्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, सोल्डरिंगची बंदूक, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. दुकान झाडायला आमची सौभाग्यवती येते. वर्षाचं भंगारही त्याच दिवशी जातं. मी बादलीपाशी बसून चिमटे घासत होतो. भंगारवाला दारात उभा होता.

तिने डबा उचलून विचारलं, "ह्या डब्यातला सगळा टाकूचा?"

मी मान वर न करता म्हटलं, "होय गो, सगळा."

नवा ड्राइव्ह आदल्याच दिवशी हातात पडला होता. दसऱ्याचा मुहूर्त म्हणून पहिलं काम गवाणकरांचं करायचं असं मी ठरवलं होतं. दसऱ्याला सकाळी उदबत्ती लावली, पाटावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, कन्सोल उघडला, आणि बोर्डासाठी डाव्या हाताने मेलेल्यांचा डबा ओढला. डबा हलका लागला. आत कुंकवाचं बोट लावलेलं होतं, बायकोने रिकामा डबाही पुजला होता.

त्या वेळचं काय सांगू. मी स्टुलावरून उठलो आणि परत बसलो. अकरा वाजता गवाणकरबाई आल्या. आपट्याची पानं आणि पेढे घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, "आज मिळेल ना? सकाळपासून टीव्हीसमोर बसलेत." आणि मी, वयाने साठी उलटलेला माणूस, त्यांचं सोनं हातात घेऊन म्हणालो की पार्ट यायचाय अजून. पार्ट त्यांच्यासमोर टेबलावर होता.

बाई गेल्या तसा मी शटर ओढलं. भंगारवाल्याला गाठलं, त्याने शीवच्या एका गोदामाचं नाव सांगितलं. तिथे गेलो. एका कोपऱ्यात पंख्यांचा ढीग, दुसरीकडे वायरी, मध्ये बसून दोन बाया पत्रा आणि ॲल्युमिनियम वेगळं करत होत्या. मालक म्हणाला, "काका, बोर्ड का बोरा अलग होता है. वो सुबह निकल गया." कुठे गेला, तर कुठेतरी भिवंडीकडे, मग वितळवायला. तरी मी तिथे चार तास पत्र्याच्या ढिगात हात घालत बसलो. माझा ड्राइव्ह मला सापडलासुद्धा. त्याच्या पाठीवर चार स्क्रूंची चार भोकं होती आणि बोर्डाची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. भिवंडीच्या दोन पत्त्यांवर जाऊन आलो. मधल्या काळात बाईंचे फोन येत होते. रोज एक. मी रोज सांगत होतो, उद्या. बायकोला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती की मी विचारलं होतं, आणि ते खरं होतं.

आठ दिवस असे काढले. नवव्या दिवशी घरातला आमच्या मुलीचा जुना कन्सोल, नशिबाने तेच मॉडेल, पिशवीत घातला आणि माझगावला गेलो.

गोदीच्या बाजूची जुनी चाळ, दुसरा मजला. मनोहरराव खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. टीव्ही चालू, पडदा निळा, समोर काही नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं. व्यायाम झाला की बाई त्या दिवसावर टिकली लावायच्या, लाल टिकली. मागच्या काही महिन्यांची पानं टिकल्यांनी भरली होती आणि शेवटचे तीन-साडेतीन आठवडे कोरे होते. मी चहा येईपर्यंत थांबलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डब्याचं, खंडेनवमीचं, दसऱ्याला टेबलावर असलेल्या पार्टचंही.

बाईंनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "चुकीचं मला काही नाही, परबभाऊ. माझ्या हातून कचेरीत याहून मोठ्या फायली हरवल्यात. पण पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर हा दुसरा कन्सोल त्याच दिवशी आला असता. तुम्ही ह्यांचे आठ दिवस घेतलेत." आणि आत निघून गेल्या.

बोर्ड गेलं ते गेलं. पण ते आठ दिवस माझ्या भीतीने गेले, आणि ते हाताचे दिवस होते. शोधतोय शोधतोय म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिलो. खरं तर मला बोर्ड नको होतं, मला फक्त सांगायचं टाळायचं होतं.

मनोहरराव माझ्याकडे बघत होते. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. म्हणाले, "बोर्ड... जिता हुता?"

मी म्हटलं, होय, जिवंत होतं.

"आणि तू... मेलेल्यात टाकलंस."

"होय."

त्यांनी उशीवरच्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यासारख्याच. अंग गेला... डोक्या चालू." आणि हसले, अर्ध्या तोंडाने. मला मात्र हसू येईना. मी खाली बसून वायरी जोडायला लागलो, म्हणजे मान खाली घालता आली.

रुसतील अशी बाईंना भीती होती, ते रुसले नाहीत. पहिल्या पायरीपासून सुरू केलं. पहिली, दुसरी, तिसरी भराभर झाली. चौथीला मूठ मिटायची होती. बोटं मिटेनात. एक फुगा खाली आला, दुसरा आला, सगळे आले आणि गेले. महिनाभरापूर्वी हा माणूस अकराव्या पायरीवर मुठी मिटत होता. बाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पुढे येऊन कॅलेंडरवर टिकली लावली.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला मी नंतर भेटून विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. ती म्हणाली, सांगता येत नाही, कधीकधी आपोआपही मागे जातं. ती हे खरं बोलली की नुसती माझी समजूत घातली, हे मला ठरवता आलेलं नाही. वर्ष पुरं झालं तेव्हा मनोहरराव नवव्या पायरीवर होते. अकरावी त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

तर संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर. कन्सोलची ताकद वाढवता यावी का? नको. वरळीच्या त्या दोन पोरांसाठी नको. पण त्यातला प्रत्येक भाग बदलता यायला हवा, आणि बदललेला भाग त्या यंत्राने मुकाट्याने घरात घ्यायला हवा. चोरी अडवायची तर दुसरा मार्ग काढा, तुमच्याकडे माझ्यापेक्षा शिकलेली माणसं आहेत. माझ्यासारख्याच्या एका 'होय गो'वर कोणाचा हात अवलंबून राहता कामा नये. एवढं लिहून माझा दोष कंपनीवर ढकलला जातो असं कोणाला वाटेल. ढकलला जात नाही, मी करून पाहिलंय.

गेल्या वर्षी खंडेनवमीला सकाळी दुकानासमोर टॅक्सी थांबली. आधी काठी बाहेर आली, मग मनोहरराव. मागून बाई. मी गडबडून हत्यारांचा पाट सरकवून जागा केली. त्यांनी हत्यारांना डाव्या हाताने नमस्कार केला आणि विचारलं, "भंगारवालो इलो?"

यायचाय, म्हटलं.

"डबो हाड."

मी मेलेल्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. वर्षभरात पुन्हा काठोकाठ भरला होता. त्यांनी काठी बाईंकडे दिली आणि उजवा हात डब्यात घातला. एक पंखा काढला, वर धरला, माझ्याकडे बघितलं.

"ह्यो मेलो?"

मी हातात घेऊन पातं फिरवून पाहिलं. मेलो, म्हटलं. त्यांनी तो पोत्यात टाकला. मग एक ड्राइव्ह. मी चारही बाजूंनी बघितला, अंगावर काही नाही. मेलो. मग एक बटण, एक पट्टी, एक पिन. प्रत्येकाला तेच विचारणं, प्रत्येकाला माझं तेच तपासणं. भंगारवाला आला, त्याला बाईंनी चहा सांगितला. आमची सौभाग्यवती झाडू घेऊन ताटकळत उभी होती, ती शेवटी पायरीवर बसली. एका मेलेल्या म्हणून टाकलेल्या बोर्डावर मला एक जिवंत चिप सापडली, ते बोर्ड मी बाजूला ठेवलं. मनोहररावांनी नुसती भुवई वर केली.

दोन तास लागले. शेवटी डब्याच्या तळाला एकच स्क्रू उरला, तांदळाएवढा. त्यांची बोटं त्याच्यावर आली आणि तो निसटला. परत आली, परत निसटला. मला वाटलं, आता डबा उलटा करून मोकळं व्हावं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी हात मागे घेतला. चौथ्या खेपेला अंगठा आणि तर्जनी जुळली. त्यांनी तो स्क्रू वर उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"ह्यो?"

मी तो हातात घेतला, भिंगाखाली धरला. आटे शाबूत होते. जितो, म्हटलं.

यंदाची खंडेनवमी तोंडावर आली आहे. परवा बाईंचा फोन आला होता, किती वाजता येऊ विचारायला. डबा भरलाय. मी अजून त्याला हात लावलेला नाही.